दुसऱ्या अंकातला गुलाब

आमच्या अंगणातल्या गुलाबाने झाडीपट्टीच्या रंगभूमीवर एकूण चार प्रयोग केले. मी एकच केला.

गुलाब अर्थात माझा नव्हे, बायकोचा, सुनंदाचा. (आमच्या घरात जे जे टवटवीत आहे ते तिचं. उरलेला मी.) तिच्या आईने जायच्या आदल्या वर्षी स्वतःच्या हाताने फांदी कापून दिली होती. तीन हिवाळे त्या झाडाने नुसती पानं काढली. सुनंदाने त्याला शेणखत घातलं, चहाचा चोथा घातला, वेळेवर छाटलं, शेवटी शिव्याही घातल्या. चौथ्या हिवाळ्यात कळी आली. एकच! त्या सकाळी ती कुंडीपुढे बसून पदराने डोळे पुसत होती आणि मी आतून ओरडत होतो, "चाय झाली काय?"

त्याच आठवड्यात तिच्या माहेरी शंकरपट निघाला. बैलांच्या शर्यती झाल्या की गावात नाटक, आणि नाटकाला लेकी-जावयांना बोलावणं, ही आमच्याकडची रीत. सुनंदा तीन दिवस आधीच निघाली. मी 'ऑफिसात ऑडिट आहे' म्हणून सुटका करून घेतली. (ऑडिट होतंच. पुढच्या महिन्यात!)

"कळीले बुडाशी पानी टाकजा, वरून नाई," बसमध्ये चढताना ती म्हणाली. "अन् रोज फोटो धाडजा. उमलली का मले आईच्या फोटोपुढं दाखवाचा हाय."

"तू बेफिकीर जाय!" मी म्हणालो.

बस गेली आणि तासाभरात समोरचे प्रल्हादभाऊ आले. ते नाटक कंपनीचे मॅनेजर. आमच्या वडशात, म्हणजे झाडीपट्टी नाटकांच्या गावात, दिवाळी झाली की दर चार घरांमागे एक माणूस कुठल्यातरी कंपनीच्या ट्रकवर असतो.

"भाऊ, लफडा झाला," ते म्हणाले. "दुसऱ्या अंकात बगिचा हाय, अन् बगिच्याचा परदा उंदरानं कातरला. तुमच्या कुंड्या एका रातीपुरत्या द्या. तुमच्यासारखा रसिक मानूस नाई म्हनन काय?"

उभ्या आयुष्यात मला कुणी रसिक म्हटलं नव्हतं. अकरा कुंड्या मी स्वतः ट्रकमध्ये चढवल्या. गुलाबासकट! (बगिचा म्हटल्यावर गुलाब पाहिजेच, हे सुचवणारा शहाणाही मीच.) चढवण्याआधी कळीचा एक फोटो तेवढा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ना कुंड्या, ना ट्रक. फोन लावला.

"एक नंबर प्रयोग झाला भाऊ! व्हिलननं शेवंतीच्या कुंडीले अशी लाथ हानली का पब्लिक उभी राह्यली!"

"अवो, कुंडी फुटली काय?"

"फुटली ना! तवाच त टाळ्या पडल्या. आता तो सीन फिक्स केला."

"फिक्स? म्हंजे रोज एक?"

"तुमच्या अकरा होत्या ना?" प्रल्हादभाऊंनी मला धीर दिला.

ट्रक तिथूनच पुढच्या गावाला गेला होता. संध्याकाळी सुनंदाला मी आदल्या दिवशीचा फोटो पाठवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तोच, जरा मोठा करून. लगेच फोन आला.

"कळी कालच्याएवढीच काऊन हाय जी?"

"थंडी लय पडून राह्यली ना."

"अन् बाजूची मुंगीबी कालच्याच जागी?"

मी "हॅलो, हॅलो, आवाज नाई येऊन राह्यला" म्हणत फोन ठेवला. मुंगी पाहणाऱ्या बाईशी खोटं बोलू नये, हे तेव्हा कळलं.

मग प्रल्हादभाऊंना विचारलं, "उद्या कुठी हाय प्रयोग?"

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. माझी सासुरवाडी!

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि आडवाटेने, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, चोरासारखा त्या गावात शिरलो. स्टेजमागे गेलो. आठ कुंड्या शिल्लक होत्या. गुलाब सुखरूप होता आणि कळी अर्धी उमलली होती, गर्द लाल. जिने तीन वर्षं वाट पाहिली ती चार घरं पलीकडे बसलेली, आणि पाहत कोण होतं, तर मी.

"मी कुंड्या घेऊन चाललो," मी म्हणालो.

"आता? बगिचा मांडून झाला भाऊ! प्रयोग झाल्यावर नेजा. उलट तुमीच उभे राहा. माळ्याचं काम करनारा तापानं फनफनला. डायलाग काईच नाई. माळी मुका हाय."

मी विचार केला. खोटी दाढी लावली की सासरचं कुणी ओळखणार नाही, आणि गुलाबाच्या व व्हिलनच्या लाथेच्या मधे आपल्याला उभं राहता येईल. आयुष्यात सुचलेल्या माझ्या मोजक्या युक्त्यांपैकी ही एक. म्हणून तर तिचं असं झालं.

दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला आणि तिसऱ्या रांगेत मला सुनंदा दिसली. मी झारीत तोंड खुपसलं. व्हिलन आला, गुलाबाकडे वळला, तेवढ्यात मी झेंडूची कुंडी स्वतःच्या हाताने त्याच्या पायाशी सरकवली. फुटली एकदाची! टाळ्या! मी सुस्कारा सोडला.

पण हिरो राहिलाच होता. त्याने खिशातून कागदी गुलाब काढायचा असं ठरलेलं. नायिकेसमोर आल्यावर गडी रंगात आला आणि त्याचा हात खऱ्या गुलाबाकडे गेला.

"नको!" मी ओरडलो.

मुका माळी बोलला! हिरो मुरलेला. एका हाताने फूल खुडत म्हणाला, "पाहा प्रिये! आपल्या प्रेमाने मुक्यालाही वाचा फुटली!"

शिट्ट्यांनी मंडप दणाणला. त्या शिट्ट्यांच्या वर एक आवाज आला.

"थांबा! तो गुलाब माहा हाय!" सुनंदा उभी होती. मग तिने डोळे बारीक केले. "अन् तो माळीबी माहाच हाय!"

पब्लिकला वाटलं, नाटकच आहे. बायकांनी तिला वाट करून दिली, पेटीवाल्याने सूर धरला. ती स्टेजवर चढली, हिरोच्या हातातून फूल घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"तीन वर्स वाट पाह्यली याची," ती हळूच म्हणाली, पण समोर माइक होता. "माह्या मायच्या हातचा हाय हा."

मंडपातल्या बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. मला खरोखर लाज वाटली. अर्धी सुटलेली दाढी हनुवटीवर लोंबत होती, ती मी तशीच राहू दिली. सुनंदा कुंडी कमरेवर घेऊन खाली उतरली. टाळ्या थांबेनात. मागे हिरोने कागदी गुलाब काढला, तो कुणी पाहिलाही नाही.

माहेरी जाऊन फूल तिने आईच्या फोटोपुढे ठेवलं. "तू फोटो मांगतला, मी फूलच आनलं," असं म्हणून मी बाजू सावरायला गेलो. सासरच्या सगळ्या मंडळींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून अंगणात बसलो.

सकाळी तिथे प्रल्हादभाऊ हात जोडत आले. "पब्लिक पागल झाली जी! पुढच्या गावचे लोक म्हनतात, तोच सीन पायजे."

मी हनुवटीवरचा डिंक खरवडत म्हणालो, "मले सुट्टी टाका लागन."

"तुमी नाई भाऊ. मी वहिनीले न्याले आलो. तुमच्या जागी बुजगावनं उभं करतो. ते मधात बोलत नाई."

सुनंदाने जायला साफ नकार दिला. पण बुजगावण्यासाठी माझ्या अंगातला सदरा तिने तिथल्या तिथे उतरवून घेतला आणि प्रल्हादभाऊंच्या हातात देत म्हणाली, "घेऊन जा. पब्लिकले फरक समजनार नाई."