नकाराचा अभ्यास

माझ्या प्रबंधामुळे माझ्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. प्रबंध मात्र वेळेत पूर्ण झाला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि पुण्याच्या एका सरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करत होतो. विषय होता, ‘बोलीतील नकार’. म्हणजे, आपल्याकडची माणसं ‘नाही’ हा शब्द तोंडातून न काढता नाही कसं म्हणतात. त्यासाठी मी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून नाटे बंदरापासून आंजर्ल्यापर्यंत हिंडलो होतो. नाटे गावात एका खलाशाला विचारलं, मला होडीतून नेशील का? तो म्हणाला, ‘उद्या बघू.’ मी तीन दिवस पहाटे बंदरावर जाऊन बसलो. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोने कीव येऊन मला चहा दिला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अशा नकारांनी माझ्या दोन जाड वह्या भरल्या होत्या. शेजाऱ्यांकडे शिडी मागितली आणि ते ‘आहे हो, पण तुम्हाला ती जड होईल’ असं म्हणाले, तरी मी शिडी विसरून आनंदाने घरी यायचो नि वही उघडायचो.

नलू तेव्हा सव्वीस वर्षांची, एका सरकारी कचेरीत कारकून. तिला आधी दोन स्थळं येऊन गेली होती, एक चिपळूणचं, एक राजापूरचं. दोघांनीही पोहे खाल्ले, ‘कळवतो’ म्हणाले आणि गेले ते गेलेच. अण्णा, म्हणजे आमचे वडील, दोन्ही वेळा महिनाभर पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसले होते. नंतर ते संध्याकाळचे फिरायला जायचे बंद झाले, कारण वाटेत कुणी ना कुणी ‘काय, कळवलं का?’ असं विचारायचंच.

तिसरं स्थळ सांगलीचं. मुलगा मोहन, बँकेत नोकरीला, नाकीडोळी ठीक आणि बोलायला मोकळा. सोबत त्याचे वडील होते. मे महिना होता, त्यामुळे निघताना अण्णांनी हापूसची एक पेटी पुढे केली. मोहनच्या वडिलांनी ती घेतली, काखेत मारली आणि म्हणाले, “आठ दिवसांत कळवतो.”

तिसऱ्या दिवशी अण्णांनी मला विचारलं. मुलाला सल्ला विचारण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. (शेवटचीही तीच ठरली.) ते म्हणाले, तुझा एवढा अभ्यास आहे, त्यांच्या बोलण्यावरून काय वाटतं ते सांग.

मी वह्या घेऊन आलो. वास्तविक एवढ्यासाठी वह्या लागत नव्हत्या, पण घरात मला कुणी पहिल्यांदाच तज्ज्ञ म्हणून विचारत होतं. ‘कळवतो’ हा नकाराचा सर्वात सभ्य प्रकार आहे, तो निरोपाच्या वेळी, चपला घालता घालता येतो, असं मी उदाहरणं देऊन समजावलं. चिपळूण आणि राजापूर ही त्यातली घरचीच उदाहरणं.

आईने शंका काढली. नकार द्यायचा असता तर त्यांनी पेटी घेतली असती का? तिला आपलं साधं वाटत होतं की ज्यांना सोयरीक नको ती माणसं आंबे कशाला नेतील. मी हसलो. (ते हसू आठवलं की अजून कान तापतात.) मी म्हटलं, उलट आहे. होकार द्यायचा असेल तर माणूस संकोचतो, नको नको म्हणतो. पेटी सरळ घेतली याचाच अर्थ त्यांना पुन्हा या दारात यायचं नाही.

नलू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “दादा,” ती म्हणाली, “पण ते मला जाताना...”

“तू मध्ये बोलू नको गो. हा माझा विषय आहे.”

ती आत वळली.

मग मी उपायही सुचवला. त्यांचा नकार येण्याआधी आपणच नकार द्यावा, म्हणजे आळीत मान राहील. अण्णांचा चेहरा उजळला. दोनदा मान खाली घातलेल्या माणसाला ही युक्ती फारच आवडली. मी मजकूर सांगितला, त्यांनी आंतर्देशीय पत्रावर वळणदार अक्षरात लिहिला: पत्रिका दोन ज्योतिष्यांना दाखवली, जुळत नाही, योग नाही असं दिसतं, राग नसावा. पत्रिका आम्ही एकालाही दाखवली नव्हती. पत्र मी स्वतः टपालपेटीत टाकलं आणि आत पडल्याचा आवाजही ऐकला.

सातव्या दिवशी सांगलीहून पोस्टकार्ड आलं. ‘कळवतो म्हटल्याप्रमाणे कळवत आहे. मुलगी पसंत आहे. आंबे गोड होते. बैठकीची तारीख कळवावी.’

अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. काही बोलले नाहीत. या शांततेचा अर्थ मला वहीत न बघताही लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी सांगलीला निघालो. आंबा घाटात मला दोनदा उलटी झाली. मोहनच्या घरी पोचलो तेव्हा वडील ओसरीवर होते आणि आमचं पत्र त्यांच्या खिशात होतं. मी आपल्या रीतीने सुरुवात केली. उन्हाळा विचारला, पाण्याची स्थिती विचारली, यंदा आंबा उशिरा आला असं म्हणालो, माणसाच्या हातून कधी कधी घाई होते असंही म्हणालो. अर्धा तास झाल्यावर ते म्हणाले, “तुम्ही आलाय कशाला, ते सांगा की.”

मग मी सगळं सांगितलं. नकाराचे प्रकार, चपला घालतानाचं ‘कळवतो’, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आमच्याकडं कळवतो म्हणजे कळवतो,” ते म्हणाले. “आता तुम्हीच लिहिलंय पत्रिका जुळत नाही म्हणून. ते खरं असलं तर लग्न नको. खोटं असलं तर तुमच्याशी सोयरीक नको. सरळ सांगतो, नको.”

आवाज चढवला नाही, जेवूनच जा म्हणाले. मी जेवलो. (कसा जेवलो ते विचारू नका. पण दोन पोळ्या खाल्ल्या.)

मोहन मला स्टँडपर्यंत सोडायला आला. स्टँडजवळ आल्यावर थांबला. मग म्हणाला, “निघताना पायरीवर मी तुमच्या बहिणीला सांगितलं होतं, माझ्याकडून हो आहे म्हणून. त्यांनी घरात सांगितलं नाही का?”

मी काहीतरी पुटपुटलो. त्याला वाटलं असणार, नलूनेच नको म्हटलं. ते खोडून काढायला पाहिजे होतं. तेवढ्यात गाडी लागली आणि मी चढलो. खिडकीपाशी बसल्यावर पाहिलं तर माझ्या हातात पेन होतं. इतका स्वच्छ ‘नको’ मी आयुष्यात ऐकला नव्हता आणि हात सवयीने टिपून घ्यायला निघाला होता. पेन मी परत ठेवलं. रत्नागिरी आल्यावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलू अंगणात उन्हात वाळत घातलेली आंब्याची साठं उलटत होती. मी तिला विचारलं, मोहन पायरीवर हो म्हणाला हे तू मला सांगितलं का नाहीस?

“सांगत होते,” ती म्हणाली. मग ताट उचलून उन्हाच्या बाजूला सरकवलं आणि आत गेली. त्या दिवसांत ती माझ्याशी मोजकंच बोलायची: जेवायला ये, पंखा बंद कर, तुझं टपाल आलंय.

पुढच्या वर्षी तिचं चिपळूणला, पण दुसऱ्याच घरात, लग्न झालं. तेव्हाच्या बैठकीला मला कॉलेजात पेपर तपासायला पाठवण्यात आलं होतं. जावई माणूस चांगला आहे. पण माहेरी असताना सांगलीचा शिक्का असलेलं टपाल आलं की तिची नजर पाकिटावर जरा जास्त रेंगाळते, असं आई म्हणायची.

त्याच वर्षी दिवाळीत मला पदवी मिळाली. परीक्षकांच्या अभिप्रायाची नक्कल सरांनी पुण्याहून पाठवली. आईला चष्मा सापडेना, म्हणून तिने भाऊबीजेला आलेल्या नलूला मोठ्याने वाचायला सांगितलं. नलूने वाचलं: संशोधकाला माणसांचं बोलणं ऐकण्याची दुर्मीळ जाण आहे, न उच्चारलेला शब्दही त्याच्या कानातून सुटत नाही.

वाचून झाल्यावर तिने कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “छान लिहिलंय.”

त्या ‘छान’चा अर्थ काय, हे मला अजून कळलेलं नाही, आणि मी डॉक्टर आहे, तोही नेमका याच विषयातला.