टेम्पोचा फराटा
भिंगरीला सलग दहा मिनिटं खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खरं नाव वेगळं, पण ताईनं लहानपणी ठेवलेलं हे नाव पार कचेरीपर्यंत पोचलं होतं. संगणकावर चित्र तयार व्हायला लागलं की ही उठायची, खिडकीशी जायची, पाणी प्यायची, परत खिडकीशी. काम मात्र चोख. अजून न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रं ती बारा वर्षं करत होती.

एके दिवशी एक वकीलबाई तिच्याकडे आल्या. त्यांचा अशील चालवत असलेल्या दुधाच्या टेम्पोनं रस्ता ओलांडणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला धडक दिली होती. शिक्षिकेचं खुब्याचं हाड मोडलं होतं. गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या एका सायकलवाल्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता, आणि त्याच्या एका फ्रेममध्ये धडकेआधीचा टेम्पो सापडला होता. पण पुसट, आडवा फराटलेला. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा तिसावा भाग उघडी होती. तेवढ्यात टेम्पो जितका सरकला, तितका त्याचा फराटा उमटला. पोलिसांच्या तज्ज्ञानं तो मोजून वेग काढला होता : ताशी एकाहत्तर. त्या रस्त्यावर परवानगी पन्नासची.

"आकडा बरोबर आहे का, एवढंच सांगा," वकीलबाई म्हणाल्या.

भिंगरीनं मोजमापं घेऊन संगणकात तो रस्ता उभा केला : विजेचा खांब, दुकानांची शटरं, समोरची चार मजली इमारत. सायकलवाल्याच्या डोक्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवला आणि टेम्पो एकाहत्तरनं सोडला. सेकंदाच्या तिसाव्या भागाचे तिनं चौसष्ट तुकडे केले, प्रत्येक तुकड्यात टेम्पो केसभर पुढे सरकवला आणि चौसष्ट चित्रं एकमेकांत मिसळली. फराटा अगदी मूळ फोटोतल्याएवढा आला. शुक्रवारी दुपारी तिनं फोन केला. "एकाहत्तरच आहे."

"बरं," वकीलबाई म्हणाल्या. "मग त्याला गुन्हा कबूल करायला सांगते. सोमवारी तारीख आहे."

काम संपलं, पण हिचं चित्त थाऱ्यावर येईना. संध्याकाळी ताईकडे जेवायला गेली, तर दोन घास खाऊन उठली. ताई वैतागली. "अगं, पायाला चाकं लावलीयेत का? काय खुपतंय ते सांग तरी."

"तेच कळत नाहीये ना!"

शनिवारी सकाळी तिनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. टेम्पोकडे नको, बाकी सगळं बघ, असं तिनं स्वतःला बजावलं. तिच्या चित्रात समोरच्या इमारतीच्या खिडक्या स्वच्छ होत्या. मूळ फोटोत त्या धूसर होत्या. कॅमेराच हलक्या दर्जाचा, असं धरून तिनं ते सोडून दिलं होतं. आता तिनं एक खिडकी मोठी करून पाहिली. खिडकीच्या उभ्या कडा जाड झाल्या होत्या, पण आडवी कड लख्ख होती. भिंग वाईट असतं तर दोन्ही बिघडल्या असत्या.

इमारत काही चालत नाही. म्हणजे कॅमेराच फिरत होता! हॉर्न ऐकून सायकलवाल्यानं टेम्पो येत होता त्या बाजूला, डावीकडे, मान वळवली होती, आणि त्याच्या मानेचा हिसका टेम्पोच्या वेगात जमा झाला होता.

तिनं चित्रातला कॅमेरा डावीकडे वळता केला. खिडक्या मूळ फोटोसारख्या होईपर्यंत त्याची गती वाढवत नेली. मग टेम्पो सोडला. एकाहत्तरला फराटा भलताच लांब. साठला लांब. पन्नासलाही थोडा लांब. चव्वेचाळीसला बरोबर बसला. चूकभूल धरली तरी एक्केचाळीस ते सत्तेचाळीस, त्याच्यावर नाही. तिनं लगेच फोन लावला.

"वकीलबाई, मी चुकले."

"किती?"

"खूप. तो मर्यादेच्या आत होता."

वकीलबाई म्हणाल्या, "त्यानं मघाशीच कबुलीवर सही केली. रडला बिचारा." आणि लगेच, "कागद अजून माझ्याकडेच आहे. फाडते. तुम्ही सोमवारी या."

कोर्टात 'मी आधी चुकले' हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. पोलिसांचा तज्ज्ञ भला माणूस होता. त्यानं खिडकीच्या कडा निरखल्या, तिची सगळी आकडेमोड मागून घेतली आणि आठवडाभरानं स्वतःचा हिशोब सांगितला : पंचेचाळीस. वेगाचा आरोप गेला. निष्काळजीपणाचा राहिला, त्याबद्दल चालकाचा परवाना सहा महिने रोखला गेला. शिक्षिका काठी घेऊन चालायला लागल्या.

नंतर एकदा चालक कचेरीत आला. थोराड, पन्नाशीचा माणूस, पण खुर्चीच्या कडेवर टेकून बसला होता. दूध केंद्रात कॅन धुतो, म्हणाला. गाडी आता नकोच.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या त्या चित्रात दिसतं का, मी ब्रेक आणखी आधी दाबायला हवा होता का?"

"नाही दिसत हो," भिंगरी म्हणाली. "ते एवढ्याशा क्षणाचं चित्र आहे. त्याच्या आधीचं त्यात काहीच नाही."

त्यानं मान हलवली, पण उठला नाही. ती उठून खिडकीशी गेली, परत आली आणि त्याच्यासमोर बसली.