आखजीचा घडा

आमच्या भंडाऱ्याकडे घराची इभ्रत भातावरून ठरते. दारात बैलजोडी नसली तरी लोक एक वेळ काही म्हणणार नाहीत, पण पाहुण्याच्या ताटातला भात पांढरा आणि मोकळाच हवा. ऐंशी सालच्या आसपास लग्न होऊन मी पवनीच्या पलीकडच्या एका आडगावात आले. हे मला तिथे कुणी शिकवलं नाही, सासूबाईंच्या नजरेवरूनच समजलं.

गाव पाणी प्यायचं ते बोडीचं, म्हणजे शेतांच्या वरच्या अंगाला बांध घालून केलेल्या लहान तळ्याचं. त्यात म्हशी बसत, पोरं डुंबत, आणि दर पावसाळ्यात गावात हगवण येई. मी येण्याच्या आदल्या पावसाळ्यात माझ्या जाऊबाईंचा चार वर्षांचा मुलगा त्यातच गेला होता. आता त्यांच्या मांडीवर दीड वर्षाची मुलगी होती. तिला बोडीचं पाणी पाजायचं नाही, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. त्यांनी सासऱ्यांमागे भुणभुण लावली, सासऱ्यांनी सरपंचामागे, आणि होळीच्या सुमारास एकदाची बोरिंगची गाडी गावात आली. पाणी लागलं, नारळ फुटला, हातपंप बसला. साहेब लोकांचं जेवण आमच्याकडे ठरलं.

सासूबाईंनी ठेवणीतले तांदूळ काढले. नव्या पाण्याचा मान म्हणून भात बोरिंगच्याच पाण्यात शिजवला. झाकण काढलं तर भात पिवळट, तांबूस.

"हळद कोनं टाकली वं?" सासूबाई माझ्यावर खेकसल्या. नवी सून असली की चोर शोधावा लागत नाही.

हळद कुणीच टाकली नव्हती. पाण्यात लोह आहे, प्यायला चांगलं आहे, असं साहेबांनी जेवता जेवता सांगितलं आणि जीपमध्ये बसून ते निघून गेले. सासूबाईंच्या पदरात मात्र गावभरची नाचक्की पडली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात बोरिंगचं पाणी बंद. आमचं पाहून निम्म्या गावच्या बायका पुन्हा बोडीवर जाऊ लागल्या. पंपाच्या दांड्यावर कावळे बसू लागले.

जाऊबाई भांडल्या. "भाताले नोका घेऊ, पोरीले पाजू तं द्या."

"एका घरात दोन पानी कायले? आमी का बोडीचं पिऊन मेलो?" सासूबाई बोलून गेल्या आणि लगेच उठून परसात निघून गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. ज्या घरातून नातू गेला त्या घरात ही बाई असं बोलते तरी कशी!

जाऊबाई मुलीपुरतं बोरिंगचं पाणी चोरून आणत आणि माठात ठेवत. एका सकाळी त्यांनी मला माठाचा तळ दाखवला. तिथे गेरूसारखा लाल गाळ बसला होता आणि वरचं पाणी नितळ होतं. ते फडक्यातून गाळून भात शिजवला, तर जवळजवळ पांढरा! मग आम्ही दोघी जावांनी संगनमतच केलं. डोक्यावर गुंड, म्हणजे पितळी घागर, घेऊन बोडीच्या वाटेनं निघायचं, आंब्याआडून वळायचं आणि बोरिंगवर भरायचं. आदल्या दिवशी भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी भाताला. सासूबाई तो भात वाखाणत जेवत, आणि हसू दाबता दाबता मला ठसका लागे.

अशी आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याचा घडा भरून ठेवतात. नातवाच्या नावाचा हा पहिलाच घडा सासूबाई स्वतः भरणार होत्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नव्हत्या. त्या सकाळीच बोडीवरून पाणी घेऊन आल्या. घड्यात ओतणार, तोच जाऊबाईंनी हात आडवा घातला.

"आत्याबाई, आता तरी त्याले ते पानी देऊ नोका."

आणि लगेच त्यांनी भाताचंही सांगून टाकलं. महिनाभर घरात बोरिंगच्याच पाण्याचा भात शिजतो आहे, म्हणाल्या. मी चुलीपाशी जीव मुठीत धरून बसले. आता सासूबाई घर डोक्यावर घेणार, यात मला शंका नव्हती.

त्या ओसरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "बोडीचं पानी खराब हाये, असं मी म्हनू तरी कसं? त्याले हगवन लागली, तवा घोट घोट मीच पाजत होतो ना."

जाऊबाई त्यांच्याजवळ टेकल्या. "तुमाले का मालूम होतं, आत्याबाई," एवढंच त्या म्हणाल्या. मला माझ्या रागाची लाज वाटली. अजूनही वाटते.

सासूबाईंनी गुंडातलं पाणी परसात ओतून दिलं, रिकामा घडा उचलला आणि भर उन्हात बोरिंगवर गेल्या. आम्ही दोघी मागोमाग. दांडा जड होता, त्यांना सवय नव्हती, पण त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही. पहिलं पाणी तांबडं आलं. ते त्यांनी वाहू दिलं, घडा दोनदा विसळला आणि मग भरला.