पुढची दोन चाकं आणि माझी मामेबहीण

“पुढची बाजू हिच्या बहिणीकडेच देऊ या का?” सर आमच्या ड्रायव्हरला दबक्या आवाजात विचारत होते. कार्टच्या पलीकडे फरशीवर बसून मी पडलेला नट शोधते आहे, हे दोघांनाही माहीत नव्हतं. नट सापडला, तरी मी उठले नाही. कॉलेजच्या रेसिंग कार्टची पुढची बाजू माझ्याकडे होती. चार वर्षांत मला तोंड न उघडता मिळालेली ती एकच गोष्ट.

ती बहीण म्हणजे माझी मामेबहीण, पूर्णगडच्या होडीवाल्या मामाची मुलगी. अधूनमधून शेडमध्ये माझा डबा द्यायला यायची, म्हणून सरही तिला ओळखत होते. चाक असलेली अशी एकही वस्तू जगात नसेल, जिच्याशी तिचं बोलणं झालेलं नाही. आयटीआय करायला ती दोन वर्षं आमच्याकडे राहिली आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या फ्रिजखालच्या स्टँडची चाकं सरळ केली. कुणी सांगितलं नव्हतं. रिक्षात बसली की डोळे मिटते आणि उतरताना रिक्षावाल्याला म्हणते, “काका, तुमचं पुढचं चाक उजवीकडे खातंय हां.” काका आधी चिडतात, मग खाली वाकून बघतात, मग भाड्यातले पाच रुपये सोडतात. एका लग्नात वाढप्यांची जेवणाची गाडी तिरकी जाते म्हणून ही नवी कोरी साडी नेसून गाडीखाली आडवी झाली. नवरीपेक्षा जास्त फोटो हिचे निघाले. आईने सगळ्या नातेवाइकांना ते कौतुकाने पाठवले. त्याच लग्नात मी नवीन ड्रेस घातला होता. एका फोटोत माझं कोपर आहे.

टायर बघायची तिची पद्धत मांजर कुरवाळल्यासारखी. तळवा एकदा आतून बाहेर फिरवायचा, एकदा बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत लागलं की ती नुसतं “हं” म्हणते. चाकांचे हे कोन मी कॅम्बर, कास्टर, टो असे इंग्रजीतून शिकले. कुणी बघत नसेल तर फळ्यावर अगदी सुंदर समजावून देते. ती कास्टरला म्हणते “मान मागे टाकणं,” कॅम्बरला “खांदा पाडणं,” आणि चाकांची तोंडं बाहेर वळलेली असली की “फेंगडी”. मला राग याचा, की तिचे शब्द ऐकले की माझी आकृती मलाच जास्त नीट कळायची.

त्या आठवड्यात आमची कार्ट वळतच नव्हती. कार्टला मागे एकच अखंड आस असतो, दोन्ही चाकं एका वेगाने फिरतात. म्हणून वळताना आतलं मागचं चाक जरासं उचललं गेलं, तरच ती वळते, आणि ते उचलायचं काम पुढच्या बाजूचं, म्हणजे माझं. मी मान आणखी मागे टाकून पाहिली. पुढच्या दोन्ही चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून स्टीलच्या टेपने अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जुळवलं. तरी कार्ट प्रत्येक वळणावर सरळ जाऊन गवतात उभी राहायची. सरांचा तो प्रश्न याच गवतातून आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझा डबा घेऊन शेडमध्ये आली. आईनेच पाठवलं होतं, आणि मला वाटतं नुसत्या डब्यासाठी नाही.

“मोजलंस तेव्हा आत कोण होता?”

“कुणी नाही.”

“रिकामी मोजलीस?” ती इतकी हसली, की बाकावर बसावं लागलं. “अगो, रिकामी होडी सरळच दिसते. माणसं नि जाळी चढली की मग कळतं ती कुठे कलते. बाबा कधी रिकाम्या होडीकडे बघून काय ठरवतात काय?”

मग ओढणी कमरेला बांधून ती कार्टमध्ये बसली. “तुमच्या ड्रायव्हरएवढी मी भरत नाय. तो डबा दे इकडे.” डबा मांडीवर, हात स्टिअरिंगवर, चेहरा एकदम गंभीर. मी टेप लावली. पुढून आणि मागून चार मिलिमीटरचा फरक. तिच्या वजनाने सांगाडा वाकला होता आणि चाकं चांगली फेंगडी झाली होती, आपसात भांडत होती. चाकांची तोंडं सरळ करायला मी टाय रॉड फिरवत गेले, ती आमटी सांडू न देता बसून राहिली.

संध्याकाळी ड्रायव्हर फेरी मारायला गेला. पहिल्याच वळणावर आतलं मागचं चाक बोटभर उचललं आणि कार्ट अशी वळली, जशी रोजच वळत असावी.

आता ती लोट्याच्या एमआयडीसीत असते, एका कंपनीत बाटल्यांना लेबलं लावते. तिथे तिच्या हाताखाली चाक म्हणून काही नाही. फोनवर सांगते, “कंपनीच्या बसचं डावं चाक रडतंय गो, पण ड्रायव्हर ऐकत नाय.” मी हसते. मग फोन ठेवल्यावर मला ती संध्याकाळ आठवते, आणि हेवा कुठे ठेवावा ते कळत नाही.

त्या संध्याकाळी सर धावत आले होते. “कुणी केलं हे?”

“हिनेच,” ती डबा पुसत म्हणाली. “मी नुसती बसले होते.”

सगळे हसले. “मग पुढची बाजू हिच्याकडेच राहू दे,” सर म्हणाले. मला हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते मला उत्तम जमतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. डब्याच्या झाकणाची कडी कुठे अडते ते तपासत होती.

“सर,” मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला, “बसायचं तिला सुचलं. मला नाही.”