मिस्ड कॉल आणि उकिडवे सर

फोन वाजला की उचलायचा, एवढंच उकिडवे सरांना ठाऊक. आम्हा होस्टेलवाल्यांना ते फार महागात पडायचं. साल २००४, कॉल मिनिटाला दोन रुपये. मी बार्शीचा, आमच्या घरचा सगळा कारभार मिस्ड कॉलवर चालायचा. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे पैसे पाठवा. सरांना 'आज तास आहे ना?' म्हणून एक रिंग द्यावी, तर सर लगेच उचलणार आणि वर तब्येतीची चौकशी.

"सर, तो उचलायचा नसतो."

"मग लावता कशाला? बोटांना व्यायाम म्हणून?"

सर वारज्याहून स्कूटरवर यायचे. कॉलेजात एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवत होते, तेही एकाच वहीतून. त्या वर्षी प्राचार्यांनी सांगितलं, तुमच्या पेपरला मुलं येत नाहीत. दुसऱ्या विभागांनाही शिकवावंसं वाटेल असं काही शनिवारी समितीपुढे आणा, नाहीतर पेपर बंद. मग निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे. त्या दिवशी सरांनी वर्गात कुणालाच टोमणा मारला नाही. आम्ही घाबरलो.

"लिहा. ज्याला किंमत नाही, त्याला बाजार नाही. पूर्णविराम."

"सर, मग मिस्ड कॉल?" मी विचारलं.

सरांनी वही मिटली. "बोला."

"निरोप पोचतो, पैसे जात नाहीत."

"मग कंपनीला काय मिळतं?"

"मिस्ड कॉलसाठीच तर मी फोन चालू ठेवतो, सर. रिचार्ज मारतो."

"आणि वडिलांकडे फोन नसता तर?"

"तर माझा निम्मा निकामी."

"म्हणजे दुसऱ्याने घेतला की तुमच्या फोनचं मोल वाढतं." सरांनी मिटलेली वही पुन्हा उघडली. "माझ्या वहीत हे उलटं आहे हो. वस्तू जितकी दुर्मिळ, तितकं तिचं मोल."

शनिवारी सरांनी आपला फोन समितीच्या टेबलावर ठेवला. मी दाराबाहेरून दोन रिंग द्यायच्या. पहिली वाजली आणि सरांचा हात सवयीने निघालाच. समाजशास्त्राच्या प्रेमला मॅडमनी आवाजाला वैतागून फोनवर फाईल दाबली म्हणून बरं. मी दाराच्या फटीतून बघत दुसरी रिंग दिली.

दुसरी रिंग संपली. "मुलगा पैसे मागतोय," सर म्हणाले. "निरोप आला, खर्च शून्य. ह्याचं मोल कोणत्या विषयाने मोजायचं?"

"हे नेटवर्क आहे, म्हणजे आमचंच," कॉम्प्युटरचे दिग्विजय सर म्हणाले.

"दोन रिंगांचा अर्थ कुणी ठरवला? तुमच्या यंत्राने?" प्रेमला मॅडम म्हणाल्या. "घरच्यांनी ठरवला. म्हणजे आमचं."

अर्धा तास दोघं भांडले. शेवटी प्राचार्य वैतागले, "तिघं मिळून शिकवा की! जूनपासून. आता उठा."

सर बाहेर आले ते थेट पायरीवर बसले.

"सर, गठ्ठे?"

"बांधेल कोणीतरी. तुम्हाला हौस असेल तर नाव सुचवतो." मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, लांब श्वास सोडला. "मला आता त्या दोघांच्या तासाला बाकावर बसायचंय. ह्या वयात."

कँटीनमध्ये सरांनी चहाबरोबर बटाटेवडा मागवला. तो संपायच्या आत दुसरा मागवला, आणि मग मी बघतोय हे लक्षात आल्यावर माझ्यासाठीही एक.