मामांनी मटण सोडल्याची बातमी

मी तालुका वार्ताहर होतो तेव्हा माझ्या सख्ख्या मामांवर एक बातमी केली होती. मामा चौसाळ्याजवळच्या गावात मेंढ्या राखतात. एकदा जेवताना त्यांनी ताटातलं मटण माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "म्या सोडलं." त्या आठवड्यात माझ्याकडे छापण्यासारखं काही नव्हतं. मेंढपाळाने मांसाहार सोडला, ही दोन कॉलमांची गोष्ट होती. कोण, काय, कुठे, केव्हा हे मी विचारून घेतलं. का, हे विचारलं नाही. ते मीच लिहिलं: प्राणिमात्रांवरील करुणा.

खरं कारण दात होते. वरचे सगळे पडले होते, खालचे हलत होते.

बातमी आली आणि गावाने मामांना शाल-नारळ दिलं. त्यांचं पाहून गावातल्या दोन गड्यांनी मटण सोडलं. मामांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. उलट खाणाऱ्यांकडे ते जरा वरून बघू लागले. मामी म्हणायची, "दात गेल्यापासून ह्यांचा धर्म लई वाढला."

मग लेकीने बीडला नेऊन त्यांना कवळी करून दिली. नेमकी पुढच्याच महिन्यात नातवाची कंदुरी होती. नातू आजारातून उठला तर दर्ग्याला बकरं देऊ, असा नवस मामाच बोलले होते. आमच्याकडे कंदुरीचा रस्सा शेतात शिजतो आणि गाव तिथेच पंगतीला बसतो. मोठ्या मुलाने बजावलं, "आबा, तुमाला डाळ येगळी शिजवू. गावात नाव हाय आपलं."

मामा तडक वडवणीला माझ्याकडे आले.

"भाच्या, खुलासा छाप."

"कशाचा?"

"मला मटण लई आवडतं, असा."

मी चार ओळी लिहून संपादकांना फोन केला. त्यांनी विचारलं, बातमीत चूक काय आहे? मी म्हणालो, कारण. ते म्हणाले, माणसाने मटण सोडलं होतं ना? मग कारणांचे खुलासे आपण छापत नाही.

"मंग म्या नातवाच्या कंदुरीला डाळ वरपू का बे?" मामा म्हणाले आणि चहा न पिताच निघाले.

त्यांचा राग रास्त होता. मी तोवर सत्कारांच्या पुष्कळ बातम्या लिहिल्या होत्या. शाल मिळायची ती काहीतरी सोडणाऱ्याला. आवडीने जेवणाऱ्याला किंवा मनापासून नाचणाऱ्याला कुणी शाल दिल्याची बातमी माझ्याकडे कधी आली नाही.

कंदुरीच्या दिवशी मामा पंगतीत मधोमध बसले. मुलाने डाळीची बादली पुढे केली. मामांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"ऐका रं समदे. दात न्हवते म्हणून सोडलतं. आता हायती. रस्सा आण."

बकऱ्याचं नको म्हणून पलीकडे डाळीच्या रांगेत बसलेल्या दोघा गड्यांपैकी एकाने विचारलं, "आन् मामा, ती करुणा?"

"ती ह्या पेपरवाल्याची हाय. त्याला इचार."

दोघांनी आपापल्या पत्रावळी उचलल्या आणि ते मामांच्या रांगेत सरकून बसले. हसू सगळीकडे पसरलं. मामांनी नळी फोडली, ओरपली आणि वाढप्याला हाक मारून माझ्याकडे बोट दाखवलं.

मला डाळ वाढण्यात आली.