दारातली म्हातारी

समुद्रकाठच्या त्या जुन्या इटालियन गावात आमची टूर दुपारी पोहोचली. किल्ला झाला, चर्च झालं. मग एका अरुंद दगडी गल्लीत निळ्या दाराशी एक म्हातारी मटार सोलत बसलेली दिसली आणि सगळ्यांचे मोबाइल एकदम वर झाले.

"आजी, जरा इकडे बघा ना!" कोणीतरी चक्क मराठीत ओरडलं. सगळे हसले. ती हसली नाही. आमच्या गाईडशी हळूच काहीतरी बोलली.

"काय म्हणाली हो?" मी विचारलं.

"म्हणाली, माझ्या शेजारणी असत्या तर त्यांनी तुम्हाला हाकललं असतं. या गल्लीतल्या सगळ्या घरांची आता हॉटेलं झालीत. राहते ती एकटीच."

माणसांनी नांदतं गाव बघायला आपण एवढ्या लांब येतो, आणि आपल्या येण्यानंच तिथली माणसं उठून जातात. उरलेल्या भिंतींना मग आपण सुंदर म्हणतो.

म्हातारीनं मटारचं भांडं उचललं, आत जाऊन दार लावून घेतलं. मला वाटलं, आता तरी सगळे ओशाळतील.

"हां, आता घ्या फोटो," मागून कोणीतरी खुशीत म्हणालं, "मध्ये कोणी नाही."